पेरिओच्या प्रबंधात बायोइन्फर्मेटिक्स घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही सुटलं असेल तर लगेच कळेल. तुम्ही पेरिओमध्ये, म्हणजे हिरड्यांच्या शाखेत, एमडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहात आणि सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायची वेळ आली आहे. गाइड म्हणाले, ‘बायोइन्फर्मेटिक्समधलं (जनुकांच्या डेटाच्या संगणकी विश्लेषणातलं) काहीतरी घे.’ कोडिंग तुम्ही कधी केलेलं नाही. एक खासगी लॅब म्हणते, नमुने पाठवा, आलेखांसकट निकाल देतो. सीनियर म्हणतो, नमुनेसुद्धा नकोत. नेटवरचा डेटा उतरव, ‘हब जीन’ (जनुकांच्या जाळ्यातली मध्यवर्ती जनुकं) काढ, हळदीतलं करक्युमिन डॉक कर (संगणकावर प्रथिनात बसवून बघ), दोन महिन्यांत पेपर तयार. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, पुढे परभणीला दवाखाना टाकायचा आहे, तिथे याचा उपयोग काय?

मी बावीस वर्षं हिरड्यांचं काम करते, त्यातली गेली बारा-तेरा वर्षं जंतूंच्या डीएनएच्या डेटासोबत. तुमच्या लिहिण्यात कोडिंगची धास्ती दिसते, पण कोडिंग सहा महिन्यांत कामापुरतं येतं. मला जास्त काळजी वाटते ती तुमच्याकडे अजून प्रश्नच ठरलेला नाही याची. ‘बायोइन्फर्मेटिक्समधलं काहीतरी’ म्हणजे ‘एक्स-रेमधलं काहीतरी’ म्हणण्यासारखं आहे. कोणाचा एक्स-रे, कुठल्या दाढेचा, कशासाठी?

आणि हे क्षेत्र तुम्हाला वाटतं तेवढं परकंही नाही. बीडीएसपासून तुम्ही ‘रेड कॉम्प्लेक्स’ हा हिरड्यांच्या आजारातल्या तीन जंतूंचा गट पाठ करत आला आहात: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया, ट्रेपोनेमा डेन्टिकोला. हे तिघं एका गटातले आहेत हे कोणी सूक्ष्मदर्शकात बघून ठरवलेलं नाही. बोस्टनच्या फोर्सिथ संस्थेतल्या सोक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी १८५ लोकांच्या तोंडातले प्लाकचे (दातांवरच्या चिकट थराचे) १३ हजारांहून जास्त नमुने चाळीस जंतूंच्या डीएनए प्रोबशी जुळवले, कोण कोणाबरोबर सापडतो याचं संख्याशास्त्रीय गटीकरण केलं, गटांना रंग दिले आणि १९९८ मध्ये ते छापलं. तुमच्या पुस्तकातला तो रंगीत पिरॅमिड म्हणजे डेटा विश्लेषणाचा निकाल आहे. पुढे २००२ मध्ये दातांच्या किडीतल्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचा आणि २००३ मध्ये जिंजिव्हॅलिसचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. २०१० मध्ये तोंडातल्या जंतूंचा खुला डेटाबेस छापील लेखातून जगापुढे आला, तोही फोर्सिथचाच. आज त्यात सातशेहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या कित्येक अजून कोणाला प्रयोगशाळेत वाढवता आलेल्या नाहीत. डीएनएचा तुकडा हीच त्यांची ओळख.

आता सीनियरच्या वाटेबद्दल, कारण तीच सगळ्यात मोहाची आहे.

हिरड्यांच्या आजारात कुठली जनुकं जास्त चालू होतात याचे दोन मोठे संच जीईओ या खुल्या संग्रहात आहेत. एकात १२० रुग्णांचे ३१० हिरड्यांचे तुकडे, दुसऱ्यात ९० रुग्णांचे २४७. दोन्ही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एकाच गटाने गोळा केलेले आहेत. आकडे नीट बघा: रुग्ण १२० आणि तुकडे ३१०. म्हणजे एका माणसाचे दोन-तीन पापिला (दोन दातांमधली हिरडीची टोकं). तुम्ही ते ३१० स्वतंत्र माणसं समजून टी-टेस्ट (दोन गटांच्या तुलनेची चाचणी) लावलीत, तर पी-व्हॅल्यू (कमी असली की फरक खरा मानतात तो आकडा) अशी खाली जाईल की बघून आनंद होईल, आणि ती खोटी असेल. दुसरी चूक त्याहून जास्त दिसते: एका संचावर ‘मार्कर’ शोधायचा आणि दुसऱ्यावर तो ‘पडताळायचा’. एकाच गटाने, एकाच शहरात, एकाच पद्धतीने घेतलेल्या नमुन्यांवरची पडताळणी स्वतंत्र कशी म्हणायची? तेच रुग्ण दोन्हींत नाहीत ना, हेसुद्धा आधी बघावं लागतं. माझ्याकडे परीक्षणाला येणाऱ्या हस्तलिखितांत हा मुद्दा मी इतक्यांदा लिहिला आहे की आता ते वाक्य मला तोंडपाठ आहे.

त्या ‘हब जीन’च्या यादीत पुन्हा पुन्हा आयएल-६, आयएल-१ बीटा, सीएक्ससीएल-८ हीच नावं येतात. सुजलेल्या हिरडीत सुजेची जनुकं चालू असतात, हे तर हिरडी तपासायचा प्रोब लावल्यावर रक्त आलं तेव्हाच कळलं होतं. करक्युमिनचं डॉकिंगही तसंच. एखादा रेणू प्रथिनाच्या खाचेत संगणकावर बसला, म्हणून तो पॉकेटमध्ये (दात आणि हिरडीमधल्या खोल फटीत) टिकतो, पोचतो आणि काम करतो असं होत नाही. हात बसावा म्हणून हे सगळं जरूर करा. पण तीन वर्षांचा प्रबंध त्यावर उभा करू नका. तुमच्या ओपीडीत रोज येणारी माणसं त्यात कुठेच नसतात.

याच्या उलट काम कसं असतं तेही सांगते. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांमधल्या किडलेल्या दातांचा एक अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. नॉर्थ कॅरोलायना आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांतल्या लोकांनी आधी ३०० मुलांच्या प्लाकमधला सगळा डीएनए आणि आरएनए वाचला, आणि जे दिसलं ते वेगळ्या ११६ मुलांत पुन्हा तपासलं. म्यूटन्सच्या बरोबरीने सेलेनोमोनास स्पुटिजिना हे नाव वर आलं. या जंतूला आपण हिरड्यांच्या आजारात ओळखत होतो, किडीत नाही. इथे थांबले असते तर तो एक बरा पेपर झाला असता. पण त्यांनी दोन्ही जंतू एकत्र वाढवून पाहिले: म्यूटन्सने बनवलेल्या चिकट जाळ्यात सेलेनोमोनास अडकतो, तिथे वाढतो आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना करून म्यूटन्सला कवच देतो. मग उंदरांमध्ये दाखवलं की दोघं मिळून कीड वाढवतात. संगणकाने बोट दाखवलं, पुरावा प्रयोगशाळेने दिला. तुमच्याकडून एमडीएसमध्ये एवढ्याची अपेक्षा कोणी करणार नाही. पण संगणकाच्या निकालाचं वजन किती धरायचं, याचा अंदाज यावरून येईल.

आता लॅबची वाट. नमुने द्या, निकाल घ्या. यात गैर काही नाही, सिक्वेन्सिंग बहुतेक जण बाहेरूनच करून घेतात. पण लॅबला तुमच्या नळ्यांमध्ये काय आहे हे माहीत नसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तो आड भरायचं काम खुर्चीशेजारी होतं आणि ते तुमचं आहे.

माझा एक अनुभव सांगते, कारण त्याची किंमत मी दोन वर्षं देऊन मोजली आहे. माझ्या पहिल्या मोठ्या कामात मधुमेह आणि पेरिओडॉन्टायटिस (हिरड्यांचा खोलवरचा आजार) दोन्ही असलेले रुग्ण एका गटात होते आणि निरोगी हिरड्यांची माणसं दुसऱ्यात. ओपीडीला गर्दी पावसाळ्यात होती, म्हणून रुग्णांचे नमुने आधी जमले आणि जुलैत लॅबकडे गेले. निरोगी माणसं मिळवायला वेळ लागला. त्यांचे नमुने डिसेंबरात, डीएनए काढायच्या किटच्या नव्या लॉटमधून, दुसऱ्या फेरीत गेले. आलेख आला तो डोळ्यांत भरेल असा: ठिपक्यांचे दोन पुंजके, मध्ये मोकळी जागा. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. मग संख्याशास्त्राच्या एका सहकारी बाईंनी त्याच ठिपक्यांना आजाराऐवजी किटच्या लॉटप्रमाणे रंग दिले. तेच दोन पुंजके, तसेच्या तसे. आजारामुळे वेगळे की किटमुळे वेगळे, हे त्या डेटातून कोणालाही कधीच सांगता आलं नसतं. कुठल्याही सॉफ्टवेअरला नाही. लॅबची चूक नव्हती. आखणी माझी होती.

तेव्हापासून माझा नियम आहे: प्रत्येक खेपेत दोन्ही गटांचे नमुने मिसळून, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवून पाठवायचे. आणि प्रत्येक खेपेत दोन रिकाम्या नळ्या. रिकामी म्हणजे काय, तर निर्जंतुक पेपर पॉइंट (नमुना टिपायची कागदाची बारीक टोकदार कांडी) पाकिटातून काढायचा, तोंडात न घालता तसाच नळीत टाकायचा आणि बाकीच्यांबरोबर पाठवायचा. या नळीतूनही जंतू ‘सापडतात’, कारण किटच्या पाण्यात आणि रसायनांत डीएनएचे अंश असतात. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम अशी नावं येतात. ब्रॅडिरायझोबियमचा एक भाऊबंद सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहतो; तुमच्या परभणीच्या शेतात तो मुबलक असेल, रूट कॅनालमध्ये त्याचं काय काम? प्लाकमध्ये जंतू इतके असतात की ही भेसळ बुडून जाते. पण पल्प (दाताचा गाभा) किंवा रूट कॅनालच्या नमुन्यात मूळ माल थोडा असतो, तिथे किटचे जंतूच निकाल होऊन बसतात. रिकामी नळी नसलेला एंडोचा (रूट कॅनालच्या शाखेचा) मायक्रोबायोम, म्हणजे एका जागेच्या सगळ्या जंतूंचा, अभ्यास मी हातात धरत नाही.

नमुना घेण्याची कृती सिनॉप्सिसमध्ये एका ओळीत उरकू नका. मी कशी करते ते सांगते. आदल्या दिवशी रुग्णाला फोन: सकाळी उठल्यावर ब्रश नको, चहा नको, चूळ फक्त पाण्याची. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का, हे ‘घेतलं का’ असं विचारून कळत नाही. ‘ताप-सर्दी झाली होती का, मेडिकलमधून काही आणलंत का’ असं विचारावं लागतं. खुर्चीत बसल्यावर कापसाचे रोल, जागा कोरडी. हिरडीच्या वरचा प्लाक निर्जंतुक क्युरेटने (खरवडायच्या हत्याराने) काढून टाकायचा, नाहीतर वरचे जंतू आत जातात आणि तुम्ही वरचंच मोजता. मग पेपर पॉइंट हलक्या हाताने पॉकेटच्या तळापर्यंत, तीस सेकंद. बाहेर आल्यावर टोक बघायचं. रक्ताने लाल झालं असेल तर तो टाकून द्यायचा, कारण रक्तासोबत रुग्णाचा डीएनए भरमसाट येतो. नळी बंद, बर्फात, त्याच दिवशी उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये. आणि प्रोबिंग सगळं झाल्यावर. आधी प्रोबिंग केलं की पॉकेट ढवळलं जातं. तुमच्या कॉलेजात उणे ऐंशीचा फ्रीजर नसेल, तर खोलीच्या तापमानाला डीएनए टिकवणारं द्रावण मिळतं; पण मग सगळेच नमुने त्यात घ्यायचे, अर्धे इकडे अर्धे तिकडे नको. फ्रीजरला जनरेटर आहे का तेही विचारा. हे मी गंभीरपणे सांगते आहे.

निकाल हातात येईल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लॅब बहुधा १६एस जनुकाचा एक भाग वाचेल. हे जनुक सगळ्या जीवाणूंत असतं, साधारण १५०० अक्षरांचं. वाचला जाणारा व्ही३-व्ही४ हा तुकडा सुमारे ४६० अक्षरांचा. एवढ्यावरून गणाचं (जीनसचं) नाव बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, प्रजातीचं नेहमीच नाही. स्ट्रेप्टोकॉकस मायटिस, ओरालिस आणि न्यूमोनिया करणारा न्यूमोनी, यांचं हे जनुक नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त सारखं असतं. लॅबच्या एक्सेलमध्ये ‘मायटिस वाढला’ असं छापून आलं, तर तो मायटिसच आहे असं धरून चर्चेचं प्रकरण लिहायला बसू नका.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. ज्वारीचं पोतं भरलेलं असो की तळाशी गेलेलं, मशीन प्रत्येकातून एक मापटंच काढतं आणि त्यात खडे किती, दाणे किती ते मोजतं. स्केलिंगनंतर पॉकेटमधले जंतू एकूणच खूप कमी झाले, पण जिंजिव्हॅलिसचा वाटा तेवढाच राहिला, तर तक्ता सांगेल ‘फरक नाही’. रुग्णाची हिरडी मात्र बरी झालेली असेल. म्हणून उपचाराच्या आधी आणि नंतर असा अभ्यास असेल, तर एकूण जंतूंचा भार वेगळ्या रीतीने, क्यूपीसीआर या डीएनएचं प्रमाण सांगणाऱ्या चाचणीने, मोजायची तरतूद ठेवा. खर्च वाढतो. नमुने थोडे कमी घ्या, पण हे करा.

इथे एक जिव्हाळ्याचा मुद्दा: आपल्या माणसांची नोंद. बहुतेक केस पेपरवर ‘तंबाखू: हो / नाही’ एवढाच रकाना असतो. आपल्याकडे हा रकाना निरुपयोगी आहे. नागपूर-चंद्रपूरकडचा खर्रा, दुसरीकडचा मावा, चुना लावून मळलेला तंबाखू, गुटखा, आणि मिश्री, हे पाच वेगळे पदार्थ पाच वेगळ्या रीतीने तोंडात राहतात. खर्ऱ्यात सुपारी असते, आणि सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलं आहे. आणि मिश्री! साठीची आजी ‘तंबाखू खाता का’ याला ठाम ‘नाही’ म्हणते, आणि ते तिच्या दृष्टीने खरं असतं; ती मिश्री लावते, खात नाही. मी आता ‘सकाळी दात कशाने घासता’ असा प्रश्न करते आणि मग बोटाच्या पेराकडे बघते. तपकिरी डाग असला की पुढचं बोलणं सोपं होतं. ही नोंद चुकली की त्या आजीचा नमुना ‘तंबाखू न वापरणारे’ या गटात जातो. पुढचं कितीही हुशार सॉफ्टवेअर ती चूक परत काढू शकत नाही.

डेटा आपल्या माणसांचा का हवा, याची दोन उदाहरणं देते. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा डोक्या-मानेच्या कर्करोगावरचा २०१५ चा पेपर २७९ गाठींवर आहे. त्यातल्या १७२ तोंडातल्या, ७२ स्वरयंत्राच्या, ३३ घशाच्या मधल्या भागातल्या. हा सगळा संच उतरवून त्याला ‘ओरल कॅन्सर’ म्हणणारे प्रबंध मी बघितले आहेत. आपल्याकडची गाठ बहुतेकदा गाल आणि हिरडीच्या खोबणीतली, जिथे तंबाखूची गोळी धरून ठेवतात तिथली. तिचा अभ्यास खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आणि बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेने मिळून केला. ५० रुग्णांच्या गाठी आणि रक्त यांचा डीएनए समोरासमोर ठेवून वाचला, मग आणखी ६० रुग्णांत तपासला, आणि २०१३ मध्ये छापला. टीपी५३, कॅस्पेस-८, नॉच-१ ही ओळखीची जनुकं दिसलीच. पण यूएसपी९एक्स, एआरआयडी२ यांसारखी या कर्करोगात आधी न नोंदलेली नावंही आली. दुसरं उदाहरण दातांच्याच जनुकाचं. इनॅमल घडवणाऱ्या अमेलोजेनिनचं जनुक एक्स आणि वाय दोन्ही गुणसूत्रांवर असतं, लांबीत थोडा फरक असतो, म्हणून मृतदेहाचं लिंग ओळखायला जगभर ते वापरतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने २७० भारतीय पुरुषांत ते तपासलं तेव्हा पाच जण या चाचणीत स्त्री ठरले, कारण वायवरचा तो तुकडाच त्यांच्यात गळालेला होता. २००२ मधली ही गोष्ट. बाहेर बनलेली फुटपट्टी इथे जशीच्या तशी लावायची नसते, हे मला त्या छोट्या पेपरने शिकवलं.

आता परभणीचा दवाखाना. उद्या रुग्णाच्या हिरडीचा नमुना घेऊन मशीनमध्ये टाकाल आणि औषध ठरवाल, असं होणार नाही. आजच्या घडीला मी माझ्याही दवाखान्यात मायक्रोबायोमची चाचणी सांगत नाही. पॉकेट सहा मिलिमीटर आहे, रक्त येतं, साखर वाढलेली आहे. उपचार ठरायला एवढं पुरतं.

पण चाचण्या विकायला माणसं येतील, आणि तेव्हा हे शिक्षण कामी येईल. हिरड्यांच्या आजाराची ‘जनुकीय जोखीम’ सांगणारी इंटरल्यूकिन-१ ची चाचणी अशीच आली होती. १९९७ च्या एका अभ्यासात धूम्रपान न करणाऱ्यांत या जनुकाच्या एका प्रकाराचा आणि आजाराच्या तीव्रतेचा संबंध दिसला. २०१३ मध्ये ५,११७ लोकांच्या विमा नोंदींवरून असं मांडलं गेलं, की धूम्रपान, मधुमेह आणि हे जनुक, यातलं काहीच नसलेल्यांना वर्षातून दोनदा सफाईची गरज नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा पुन्हा सोडवला, तेव्हा जनुकाच्या चाचणीवरून सफाई कमी करायला त्यात आधार सापडला नाही. सिगारेट आणि साखर तर विचारूनच कळते. तुम्ही जर पी-व्हॅल्यू, गट आणि गोंधळात टाकणारे घटक यांच्याशी तीन वर्षं झगडला असाल, तर असल्या चाचणीचं पत्रक वाचताना कुठे बोट ठेवायचं ते तुम्हाला कळेल. रुग्णाचे पैसे वाचतील.

आणि काही वेळा मात्र जनुकाचा अहवाल आयुष्य बदलतो. अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन एक आई आली. पुढचा दुधाचा दात पडला होता, तिने तो कागदाच्या पुडीत बांधून आणलेला. मार लागलेला नव्हता. पुडी सोडली तर दाताचं मूळ अख्खं, टोकापर्यंत. दुधाचा दात सहाव्या वर्षी पडतो तेव्हा मूळ विरघळून गेलेलं असतं. अख्ख्या मुळासकट अडीच वर्षांत पडलेला दात म्हणजे हायपोफॉस्फेटेशिया हा हाडं आणि दात कच्चे ठेवणारा जनुकीय विकार डोक्यात यायला हवा. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज तपासलं होतं आणि अहवालात ते ‘नॉर्मल’ होतं, कारण छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती. त्या वयाच्या मुलात ते बरंच जास्त असायला हवं. पुढे एएलपीएल जनुकाची तपासणी झाली, निदान ठरलं, हाडांची काळजी वेळेत सुरू झाली. तीव्र आजारात देण्यासाठी या विकाराचं एन्झाइम २०१५ पासून जगात काही देशांत मंजूर आहे. अशीच नोंद जन्मतः बरेच कायमचे दात नसलेल्या माणसांची घ्या. २००४ मध्ये फिनलंडच्या एका कुटुंबात एएक्सआयएन२ जनुकातल्या दोषाने आठ किंवा जास्त दात नव्हते, आणि त्याच माणसांत मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा त्याच्या आधीच्या गाठी होत्या. असा रुग्ण दिसला की घरात आतड्याचा कर्करोग कोणाला होता का, एवढं विचारायला परभणीतही काही लागत नाही.

जनुकाच्या अशा अहवालात सापडलेले बदल पाच पायऱ्यांत मांडलेले असतात, नक्की घातक ते नक्की निरुपद्रवी. मधल्या पायरीवर ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहिलेलं असतं आणि आपल्या रुग्णांत ही पायरी फार दिसते, कारण तुलनेचे डेटाबेस बराच काळ युरोपीय वंशाच्या लोकांनी भरलेले होते. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या १० हजार भारतीयांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, त्याने हे हळूहळू सुधारेल. तोवर ‘अनिश्चित’ हा शब्द आईला ‘आजार आहे’ असा कळू देऊ नका.

कोडिंगचं थोडक्यात. क्वाइम-२ हे जंतूंच्या डेटाचं मोफत साधन आहे आणि त्याच्या पहिल्या धड्यातले नमुने दोन माणसांच्या आतड्यातले, दोन्ही तळहातांवरचे आणि जिभेवरचे आहेत. तो धडा दोनदा करा. दुसऱ्यांदा फक्त जिभेचे नमुने घेऊन. कमांड टाइप करायची भीती वाटत असेल तर गॅलक्सी हे साधन ब्राउझरमध्ये चालतं. मग आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका, आलेख आणि साध्या चाचण्यांपुरतं. जनुकांची यादी एक्सेलमध्ये सरळ उघडू नका. सेप्ट-२, मार्च-१ अशा नावांच्या एक्सेल तारखा करतो, आणि या एका त्रासापायी २०२० मध्ये त्या जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली. पुण्यात विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स सेंटर १९८७ पासून आहे. तिथल्या किंवा जवळच्या एखाद्या विद्यार्थ्याला सहकारी म्हणून घ्या, पण पहिल्या दिवसापासून, नमुने संपल्यावर नव्हे. त्याला बायफर्केशन (दाढेची मुळं फुटतात ती जागा) म्हणजे काय ते माहीत नसतं, तुम्हाला बॅच इफेक्ट (माझ्या किटच्या लॉटसारखा खेपेमुळे पडणारा फरक) माहीत नसतो. एकमेकांना शिकवायला सहा महिने जातातच.

संमतिपत्राचंही लिहून ठेवते: लाळेचा सगळा डीएनए वाचला तर त्यातला बराचसा रुग्णाचाच असतो. ‘जंतूंची तपासणी’ एवढंच मराठी फॉर्ममध्ये लिहून चालणार नाही. तुमचा स्वतःचा डीएनएही त्यात येतो, तो आम्ही गाळून मगच डेटा इतरांना देऊ, असं साध्या शब्दांत लिहा आणि तसंच करा.

मग विषय काय घ्यावा? पैसा, रुग्ण आणि गाइडची आवड यावर अवलंबून आहे, पण मला विचारलंत म्हणून सांगते. मिश्री लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या बायकांच्या पॉकेटमधले जंतू वेगळे आहेत का, हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर घेतला असता. तुमच्या ओपीडीत या बायका येतात आणि न्यूयॉर्कच्या संचात त्या नाहीत. फक्त वय, पॉकेटची खोली आणि मधुमेह जुळवून घ्या, आणि मिश्रीवाल्या बायका ब्रशही करतात का याची वेगळी नोंद ठेवा. नाहीतर तुम्ही मिश्री मोजताय की ब्रशचा अभाव, हे शेवटी सांगता येणार नाही. एका बाईची एकच जागा घ्या. दोन घेतल्या तर आकडेमोड करताना त्या एकाच बाईच्या आहेत हे मॉडेलला सांगावं लागेल. लाळ घेणं सोपं म्हणून लाळेकडे वळू नका. प्रश्न पॉकेटचा आहे.

लॅबशी बोलताना तीन गोष्टी कागदावर घ्या: कच्च्या फाइल तुम्हाला मिळतील, रिकाम्या नळ्याही वाचल्या जातील, आणि कुठला नमुना कुठल्या खेपेत गेला ती यादी मिळेल. कच्च्या फाइल देणार नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघा.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी पुढच्या आठवड्यात एवढंच करा. रुग्णाच्या माहितीचा तक्ता आखा, त्यात मिश्री, खर्रा, सुपारी, शेवटचं अँटिबायोटिक, शेवटची सफाई, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), नमुन्याची तारीख, सगळे रकाने घाला, आणि ओपीडीतल्या पहिल्या दहा रुग्णांना विचारून तो स्वतः भरा. कुठले रकाने रिकामे राहिले आणि का, ते बघा. नावं काढून तो तक्ता इथे टाका, मी बघते.